जुने स्टीम रेडिएटर, नवा बॉयलर: माप कशावरून घ्यायचं?

न्यू जर्सी किंवा बॉस्टनकडे शंभर वर्षांचं, वाफेवर गरम होणारं घर घेतलं (बेसमेंटमधला बॉयलर वाफ करतो, ती पाइपांतून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये जाते) की कधीतरी बॉयलर बदलायची वेळ येतेच. मग तीन सल्ले मिळतात: जुन्या बॉयलरच्या पाटीवर असेल तेवढाच बसवा, घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याचा हिशेब करा, नाहीतर रेडिएटर मोजा.

उष्णतेचा हिशेब गरम पाण्याच्या हीटिंगला चांगला, वाफेला नाही. खिडक्या नव्या केल्या, भिंतींत इन्सुलेशन भरलं, तरी बिडाचे रेडिएटर तेवढेच राहतात आणि ते सगळे भरतील एवढी वाफ लागतेच. कमी पडली तर टोकाची खोली गारच.

पाटीवरचा आकडा सगळ्यांत सोपा. आमच्या पाटीवर ४५० चौरस फूट होते (हे चौरस फूट खोलीचे नव्हेत, रेडिएटरच्या उष्णता देण्याच्या क्षमतेचे). आधीच्या मालकांनी मात्र स्वयंपाकघरातला आणि मागच्या खोल्यांतले रेडिएटर केव्हाच काढून टाकले होते. मोजल्यावर भरले जेमतेम ३००. मग जास्तीची वाफ जाणार कुठे? दाब वाढतो, प्रेशरट्रोल (दाबावर चालणारा स्विच) बर्नर बंद करतो, जरा वेळाने पुन्हा पेटवतो. रात्रभर हेच, आणि गॅसचं बिल आपल्या माथी.

म्हणून रेडिएटरच मोजा. मोजपट्टी, वही आणि एक संध्याकाळ पुरते. उंची घ्या, कडेने बघून कॉलम (एकामागे एक उभ्या नळ्या) मोजा, समोरून सेक्शन (शेजारी शेजारी जोडलेले उभे भाग). ३८ इंच उंच, तीन कॉलमच्या रेडिएटरचा एक सेक्शन ५ चौरस फुटांचा धरतात, २६ इंची असेल तर पावणेचार. आमच्या हॉलमधल्या ३८ इंचीला १० सेक्शन, म्हणजे ५०. दर चौरस फुटाला तासाला २४० बीटीयू (उष्णतेचं एकक), म्हणजे ३०० ला ७२,०००.

इथे एक चूक हमखास होते. नव्या बॉयलरच्या पाटीवर वाफेचे जे चौरस फूट असतात, त्यात पाइप तापवण्यासाठीची ३३ टक्के वाढ आधीच धरलेली असते. ‘थोडा मोठाच घेऊ’ म्हणून ती पुन्हा मिळवली की ३०० चे आपण ४०० वर. बेसमेंटमधले पाइप उघडे असतील तर आधी त्यांना इन्सुलेशन गुंडाळा.

आमच्याकडे आलेल्या तीन कंत्राटदारांपैकी दोघांनी बेसमेंटमधूनच भाव सांगितला. वर येऊन सेक्शन मोजणाऱ्या तिसऱ्याला आम्ही काम दिलं.