दोन गाण्यांमधली फट: एका ओपन सोर्स म्युझिक क्लायंटबरोबर नऊ महिने

गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती आली आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा एक अख्खी मैफल मी या ॲपवर सलग ऐकली. एक तास वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण, सहा तुकड्यांत कापलेलं, मागे अखंड तंबोरा. पाच जोडांपैकी एकही कानाला लागला नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. चार महिन्यांपूर्वी असाच एक मसुदा लिहिला होता, तो अजून माझ्याकडे आहे. तो फार कडवट आहे आणि त्यातला निम्मा मजकूर चुकीचा आहे.

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. दोन जण नोकरी सांभाळून ते चालवतात, आणि माझ्या बऱ्याच तक्रारी या जातीच्या कुठल्याही क्लायंटला, म्हणजे सर्व्हरवरची गाणी वाजवणाऱ्या ॲपला, लागू पडतील. सबसॉनिकचा एपीआय (संगीत-सर्व्हरशी बोलायची ठरलेली भाषा) बोलणारा, अँड्रॉइडवरचा, जीपीएल ३ या मुक्त परवान्याचा क्लायंट, एवढी ओळख पुरे. घरी जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम हा संगीत-सर्व्हर, त्यात सीडीवरून उतरवलेल्या, दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक फाइली, आणि बाहेर पडलं की मोबाइल डेटावर ट्रान्सकोड करून, म्हणजे सर्व्हरने लहान फाइलीत बदलून पाठवलेलं ऐकायचं. ज्यांची मांडणी अशी आहे त्यांना हे उपयोगी पडेल.

चांगलं काय ते आधी थोडक्यात. शोध झटपट आहे, जाहिरात नाही, ऐकलेल्याची नोंद लिसनब्रेन्झ या संकेतस्थळाकडे बिनबोभाट जाते, रिप्लेगेनमध्ये (गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय) अल्बम आणि ट्रॅक असे दोन्ही पर्याय आहेत. पूर्वी मी एअरसॉनिक हा सर्व्हर चालवायचो. नॅव्हिड्रोमवर आलो तेव्हा ॲपमध्ये फक्त पत्ता बदलावा लागला. सबसॉनिक हा मूळ सर्व्हर २०१६ मध्ये मुक्त परवाना सोडून गेला, पण त्याची भाषा मागे राहिली आणि आज कितीतरी सर्व्हर आणि क्लायंट तीच बोलतात. याचा फायदा मला घरबसल्या मिळाला.

आता फटीबद्दल.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना आवाज तुटतो. एरवीच्या गाण्यांत हे चालून जातं, कारण गाणं संपलं की शांतता असतेच. पण सलग ध्वनिमुद्रणात तंबोरा चालू आहे, गायक सूर लावून थांबलाय, आणि मधेच कोणी खोलीचा दरवाजा लावून परत उघडावा तसा आवाज जातो आणि येतो. एकदा ते ऐकू आलं की पुढच्या जोडाची वाट बघतच ऐकलं जातं. तुकडा संपायला दहा सेकंद उरली की माझं लक्ष गाण्यावरून उडायचं. लोक ॲपच्या रंगरूपाबद्दल, विजेटबद्दल लिहितात, मला त्याचं फारसं काही वाटत नाही. संगीताच्या ॲपची परीक्षा जोडावर होते असं माझं ठाम मत आहे.

किती तुटतं ते मोजायचं ठरवलं. फोनचा आवाज वायरने लॅपटॉपवर घेतला आणि ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडला. जोडाच्या जागी लाट संपून सपाट रेघ लागते, तेवढा भाग निवडला: ६४० मिलिसेकंद. पुढच्या जोडावर ७१०, त्यापुढे ५९०. अर्ध्या सेकंदाहून जास्त. हे आकडे आणि चित्र जोडून ॲपच्या पानावर इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, लिहिला.

मुख्य डेव्हलपरने दोन दिवसांत कारण शोधलं. ॲप आवाज वाजवण्यासाठी एक्सोप्लेअर वापरतं. या लायब्ररीला गाण्यांची यादी दिली तर पुढचं गाणं ती आधीच आणून तयार ठेवते. पण ॲप यादी स्वतःकडे ठेवत होतं आणि एक गाणं संपल्याचा निरोप आला की दुसरं देत होतं. म्हणजे दर वेळी नव्याने सर्व्हरशी बोलणं, ट्रान्सकोडिंग सुरू होणं, बफर भरणं, हे सगळं शांततेत. सुरुवातीला ॲप लहान असताना ते तसं लिहिलं गेलं आणि नंतर शफल, रांग, झोपेचा टायमर सगळं त्याच पायावर चढलं. त्यामुळे दुरुस्ती चार ओळींची राहिली नव्हती. तरी त्याने केली. कोडमध्ये कमिट (जमा) झालेली मी डोळ्यांनी पाहिली.

आणि मग रिलीज येईना. सात आठवडे.

इथे माझी चिडचिड सुरू झाली आणि ती मला बरीच महागात पडली. माझं ॲप एफ-ड्रॉइडवरून, म्हणजे ओपन सोर्स ॲपच्या भांडारावरून, घेतलेलं होतं. डेव्हलपरने त्याच्या पानावर चाचणीचं एपीके (ॲप बसवायची फाइल) ठेवलं, मी ते उतरवलं, तर अँड्रॉइड म्हणे हे आधीच्या पॅकेजशी जुळत नाही. मी जुनं काढून नवं टाकलं. जुन्याबरोबर १४ जीबी ऑफलाइन गाणी गेली. तीन आठवडे रात्री वाय-फायवर थोडी थोडी उतरवून ठेवलेली. डेटा मी मोजून वापरतो, त्यामुळे हे नुकसान मला फार लागलं. त्या रात्री लिहिलेला मसुदा म्हणजे तो वर सांगितलेला कडवट मसुदा.

कारण नंतर समजून घेतलं. एफ-ड्रॉइड डेव्हलपरचं एपीके जसंच्या तसं वाटत नाही. सोर्स घेऊन त्यातून ॲप स्वतः बांधतं, म्हणजे बिल्ड करतं, आणि बहुतेक ॲपवर स्वतःची सही करतं. डेव्हलपरच्या एपीकेवर डेव्हलपरची सही. नाव एकच, आवृत्ती एकच, पण सही वेगळी असेल तर अँड्रॉइड एकावर दुसरं बसवू देत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणीही नकली एपीके आणून आपल्या ॲपवर चढवेल. एफ-ड्रॉइडने बांधलेलं आणि डेव्हलपरने बांधलेलं एपीके तंतोतंत जुळलं, तर डेव्हलपरच्या सहीनेच ते वाटता येतं. पण तेवढं जुळवून आणणं हे वेगळं काम आहे आणि या ॲपमध्ये ते अजून झालेलं नाही.

हे सगळं खरं असलं तरी माझी तक्रार मी मागे घेत नाही. ज्या पानावर एपीके ठेवलंय तिथे एक ओळ हवी होती: एफ-ड्रॉइडची प्रत असेल तर आधी काढावी लागेल आणि उतरवलेली गाणी जातील. तसं मी सुचवलं, आणि ती ओळ मलाच लिहून पाठवायला सांगितली. पाठवली, त्याच दिवशी घेतली गेली. आता प्रत्येक रिलीजखाली ती असते.

सात आठवडे का लागले तेही तेव्हाच कळलं. कोड तयार होता, रिलीज तयार नव्हती. नवी दुरुस्ती ब्लूटूथ हेडफोनवरच्या पुढे-मागे बटणांना नीट दाद देत नव्हती. गाडीच्या स्क्रीनवर जुन्याच गाण्याचं नाव राहत होतं. सात-आठ भाषांमधले अर्धे अनुवाद वेबलेट या अनुवादाच्या साइटवर अडकले होते. या सगळ्यातून वाट काढून कोडवर नव्या आवृत्तीचा टॅग (खूण) लागला, तर आवृत्तीचं नाव बदललं पण आतला व्हर्जन कोड वाढवायचा राहिला. एफ-ड्रॉइड नवी आवृत्ती त्या आकड्यावरून ओळखतं, त्यामुळे त्याच्या लेखी नवीन काही आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडा वाढवून परत टॅग, मग बिल्ड होऊन यादीत यायला आणखी काही दिवस. कोड लिहिण्यापेक्षा हे काम जास्त दमवणारं आहे आणि त्याबद्दल कोणी आभार मानत नाही. मी तरी तोवर मानले नव्हते.

रिलीज आली. घरी वाय-फायवर लावलं, फट गायब. दुसऱ्या दिवशी प्रवासात लावलं, तर फट आहे! पूर्वीइतकी नाही, पण आहे. मोजली: ४५ मिलिसेकंदांच्या आसपास. ऐकताना तंबोऱ्यात एक बारीक ठेच लागल्यासारखी. मी बंद झालेला इश्यू परत उघडायला लावला आणि दुरुस्ती अर्धवट आहे असं जरा जोरातच लिहिलं.

डेव्हलपरचं उत्तर एका ओळीचं होतं. घरी मूळ फ्लॅक येतं आणि बाहेर एमपी३, तर फरक तिथे असेल का?

तिथेच होता. माझ्या सर्व्हरवर मोबाइलसाठी १९२ केबीपीएसचं एमपी३ मीच कधीतरी लावून ठेवलं होतं. एमपी३ चौकटीचौकटीने बांधलं जातं, एका चौकटीत आवाजाचे ११५२ नमुने. एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो. लेम या एमपी३ एन्कोडरच्या बाबतीत ५७६ नमुने, डीकोडरची ५२९ नमुन्यांची दिरंगाई धरली तर ११०५, म्हणजे साधारण २५ मिलिसेकंद. शेवटची चौकट भरायला आणखी थोडी शांतता लागते. यातलं किती कापायचं ते फाइलच्या सुरुवातीच्या एका टॅगमध्ये लिहिलेलं असतं, आणि चांगला प्लेअर ते वाचून कापतो.

मी तोच ट्रॅक दोनदा एन्कोड करून पाहिला. एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्कवर फाइल लिहिली तेव्हा टॅग होता. पाइपमधून, म्हणजे सर्व्हर जसं पाठवतो तसं काढलं, तेव्हा नव्हता. गाणं पूर्ण होईपर्यंत शेवटी किती शांतता भरावी लागेल ते माहीत नसतं, आणि पाइपमध्ये मागे जाऊन सुरुवातीला लिहिता येत नाही, म्हणून एफएफएमपेग तो टॅग लिहीतच नाही. बिचाऱ्या क्लायंटला कापायचं किती हे सांगायलाच कोणी नव्हतं.

ओपस या दुसऱ्या ध्वनी-प्रकारात ही अडचण नाही. सुरुवातीचं किती सोडायचं ते पहिल्याच हेडरमध्ये असतं, आणि शेवट कुठे तोडायचा ते प्रवाहाच्या शेवटच्या पानावरच्या (तुकड्यावरच्या) आकड्यावरून कळतं. मागे जाऊन काही लिहावं लागत नाही. सर्व्हरवर एमपी३च्या जागी ९६ केबीपीएसचं ओपस निवडलं, ॲपमध्येही तेच. दुसऱ्या दिवशी प्रवासात तीच मैफल लावली आणि तिसऱ्या जोडाला मोजायचं विसरूनच गेलो. घरी येऊन मोजलं, सपाट रेघ सापडली नाही.

डेटाचा हिशोब हा वरचा आनंद. १९२चं एमपी३ तासाला सुमारे ८६ एमबी खायचं, ९६चं ओपस ४३. आवाजात माझ्या कानाला तरी फरक कळत नाही, आणि मी चांगल्या हेडफोनवर, शांत खोलीत, आलटून पालटून ऐकलंय. अर्ध्या डेटात, फटीशिवाय. हे मला नऊ महिन्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. म्हणून ॲपच्या मदत-पानासाठी तेवढा परिच्छेद मी लिहून दिलाय. ट्रान्सकोडिंगच्या सेटिंगखाली एमपी३ निवडल्यावर एक छोटी सूचना यावी, ही माझी मागणी अजून विचाराधीन आहे.

गेल्या आठवड्याच्या आवृत्तीने उरलेलं एक दुखणं काढलं. मधेच वाय-फाय सुटून मोबाइल डेटा लागला की आधीच आणून ठेवलेला पुढचा ट्रॅक ॲप फेकून द्यायचं आणि परत मागायचं. फटही पडायची आणि डेटाही दोनदा जायचा. आता आणलेलं वापरतं. लॉग काढून पाठवण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. त्यांचं चीज झालं.

अजून न सुटलेली गोष्ट म्हणजे ट्रान्सकोड होत असलेल्या गाण्यात पुढे उडी मारणं. स्लायडर ओढला की कधी गाणं पहिल्यापासून सुरू होतं, कधी भलतीकडेच पडतं. ट्रान्सकोड होऊन येणाऱ्या प्रवाहाची बाइटमधली लांबी आधी माहीत नसते. ओपनसबसॉनिक या सबसॉनिकच्या वाढवलेल्या एपीआयमध्ये अमुक सेकंदापासून द्या असं सर्व्हरला सांगायची सोय आहे, क्लायंटने ती वापरायला हवी. इश्यू उघडा आहे, पुढच्या आवृत्तीच्या यादीत आहे. तोवर पाऊण तासाचा एकच ट्रॅक असेल तर मी तो निघायच्या आधी घरी उतरवून घेतो, उतरवलेल्या फाइलीत उडी बरोबर जागी पडते.

ॲप ठेवलंय, काढणार नाही. घेणार असाल तर तीन कामं पहिल्याच दिवशी करा: एफ-ड्रॉइड की डेव्हलपरचं पान ते एकदाच ठरवा आणि मग बदलू नका, ट्रान्सकोडिंगला ओपस लावा, आणि गाणी मेमरी कार्डवर उतरतील असा फोल्डर निवडा. तो पर्याय सेटिंगमध्ये पार तळाशी आहे, आणि तो निवडला असता तर माझे १४ जीबी वाचले असते.