तीन पंखे, तीन बिघाड आणि एकच ‘वाइंडिंग’

हर्णैला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने कौलारू घर आहे. गेल्या मे महिन्यात मुंबईची मंडळी यायला चार दिवस उरले असताना घरातले तीन पंखे बिघडलेले होते, आणि त्या घाईत दुचाकीवरून ‘पंखा, मिक्सर, मोटार’ अशी आरोळी देत आलेल्या एका अनोळखी कारागिराच्या हाती मी तिन्ही पंखे दिले. त्यात माझे २४०० रुपये गेले आणि पंख्यांतले तांबेही गेले. हे नेमके कसे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण हा मनुष्य किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी यंदाही उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या गावांतून फिरणार, याबद्दल मला शंका नाही.

तिन्ही पंख्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या होत्या. माजघरातला पंखा बटण दाबल्यावर नुसता घुमायचा, पाते हलायचे नाही. पण काठीने जरासा ढकलला की फिरू लागायचा. पडवीतला सकाळी उत्तम चाले आणि संध्याकाळी मंदावे. तिसऱ्याचा वेग ठीक होता, मात्र तो रात्रभर खरखरत असे. कारागिराने तिन्ही पंखे हाताने फिरवून पाहिले, एकाला नाक लावले आणि ‘काका, तिघांचं वाइंडिंग गेलंय’, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी जळली आहे, असे सांगितले. मीटर त्याने पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. प्रत्येकी ८०० रुपये ठरले. दुसऱ्या दिवशी पंखे परत आले, तेव्हा मी बिल मागितले, तर ‘बिल कशाला, मी आहेच की’ असे म्हणून त्याने एका चिठोऱ्यावर आपला फोन क्रमांक लिहून दिला. आता तो क्रमांक लागत नाही.

माजघरातला पंखा सुरुवातीला झकास चालला, आणि म्हणूनच मला संशय आला नाही. पडवीतला संध्याकाळी मंदच राहिला. त्यावर ‘नवीन वाइंडिंग आहे, बसायला वेळ लागतो’ असे उत्तर मिळाले होते. खरखर आठवडाभरात परतली. जून संपता संपता माजघरातल्या पंख्याला करपल्यासारखा वास येऊ लागला, तेव्हा मात्र मी गावातल्या जुन्या वायरमनला बोलावले. त्याला आधीच बोलावले नाही, याचे कारण तो त्या आठवड्यात आंब्याच्या गडबडीत होता आणि मला थांबवले नाही, इतकेच.

त्याने मेन स्विच बंद करून पंखा उतरवला, उघडला आणि कॉइलच्या तारेवरचा वार्निशचा थर ब्लेडने किंचित खरवडला. खाली तांब्याचा लालसर रंग दिसायला हवा होता. दिसला तो पांढरट, चकचकीत ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमची तार वीजप्रवाहाला तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक विरोध करते, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. शिवाय ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच जड असते. पंखा परत आला तेव्हा तो हलका लागल्याचे घरातून मला सांगण्यात आले होते आणि मी ते हसण्यावारी नेले होते. बाकीचे दोन उघडल्यावर तोच प्रकार निघाला. चांगले तांबे काढून भंगारात विकायचे, स्वस्त तार भरायची आणि वर मजुरी घ्यायची, असा हा दुहेरी धंदा होता.

मूळ दोष काय होते, हेही वायरमननेच समजावले. घरगुती पंख्याची मोटार एका फेजवर चालते आणि तिला आपल्या आपण सुरू होण्याचा जोर नसतो. तो जोर कंडेन्सर देतो. काठीने ढकलल्यावर पंखा फिरत असेल, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. आमचा अडीच मायक्रोफॅरडचा होता, आणि तसा नवा शंभर रुपयांच्या आत मिळतो. त्या लबाडाने तो गुपचूप बदलला होता. श्रेय मात्र वाइंडिंगला गेले. खरखर बेअरिंगची होती, खाऱ्या हवेने गंजलेल्या. त्याने त्यात नुसते ग्रीस कोंबले होते. पडवीतल्या पंख्यात तर बिघाडच नव्हता. संध्याकाळी सातला वायरमनने मीटर लावला, तर २३० ऐवजी १७० व्होल्ट भरले. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो जवळजवळ निम्म्यावर आला होता. वाइंडिंग खरेच जळले असते, तर कॉइल काळी पडलेली दिसली असती, जळक्या वार्निशचा वास आला असता आणि कदाचित फ्यूजही उडाला असता. यापैकी काहीच नव्हते.

ज्यांच्याकडे असा कारागीर येईल त्यांनी पंखा घराबाहेर जाऊ देऊ नये. न्यावाच लागला, तर काढलेली जुनी तार परत मागावी आणि तारेचा प्रकार लिहिलेले बिल घ्यावे. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला. ग्राहक कायद्यात दुरुस्तीसारखी सेवाही येते, परंतु माझ्यापाशी नाव, पत्ता, बिल यांतले काहीच नव्हते, तेव्हा तक्रार कोणाविरुद्ध नोंदवायची, या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

माजघरासाठी नवा पंखा घेतला, खरखरणाऱ्याचे बेअरिंग बदलले. पडवीतला अजून संध्याकाळी मंदावतो आणि रात्री दहानंतर वेग घेतो, पूर्वीसारखाच; फक्त आता त्यात ॲल्युमिनियम आहे.