फोंड्यातील संभाषण-इंग्रजीचा वर्ग : ‘दॅट’च्या पुढचे ‘माय’ कोणाचे?

गोव्यातील फोंडा बसस्थानकाच्या परिसरात संध्याकाळी भरणाऱ्या व्यावहारिक इंग्रजीच्या एका वर्गाची पूर्ण तुकडी मी नुकतीच संपवली. जाहिरातीत ‘अस्खलित इंग्रजी’चे नेहमीचे आश्वासन आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे. या वर्गाची खरी जमेची बाजू जाहिरातीत लिहिलेलीच नाही. उभयान्वयी अव्यये, सर्वनामे आणि दर्शके (‘धिस’, ‘दॅट’ यांसारखे दाखवणारे शब्द) यांच्या स्वतंत्र याद्या पाठ करून न घेता, बोलण्याच्या ओघात हे तीन गट एकमेकांवर कसा परिणाम करतात, हे येथे शिकवले जाते.

गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी याचे महत्त्व अधिक आहे. १९९० ते २०११ या काळात प्राथमिक स्तरावरील सरकारी अनुदान मुख्यतः मराठी आणि कोकणी माध्यमाच्या शाळांना मिळत असे. त्यामुळे आज विशी-तिशीत असलेल्या अनेकांचे चौथीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून सुरू झाले. या मंडळींकडे शब्दसंग्रह पुरेसा असतो. अडते ते वाक्ये जोडताना.

एका तासाचे उदाहरण देतो. कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या मुलाने पाहुण्याची तक्रार व्यवस्थापकाला सांगण्याचा सराव करताना म्हटले, ‘द गेस्ट सेड दॅट माय रूम इज नॉट क्लीन.’ शिक्षिकेने शांतपणे विचारले, “खोली कोणाची? तुझी?” मराठीत ‘पाहुणे म्हणाले की माझी खोली स्वच्छ नाही’ असे म्हटले तर कोणाचाही घोटाळा होत नाही, कारण ‘की’नंतर आपण मूळ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवू शकतो. कोकणीतही तीच सोय आहे. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ आले की पुढची सर्वनामे निरोप सांगणाऱ्याच्या बाजूने मोजावी लागतात, म्हणून ‘माय’चे ‘हिज’ होते आणि बहुधा ‘इज’चेही ‘वॉज’ होते. यानंतर पाठ्यपुस्तके ‘धिस’चे ‘दॅट’ करा असा सरसकट नियम देतात. शिक्षिकेने तो तेवढ्यावर सोडला नाही. निरोप त्याच खोलीत उभे राहून सांगितला जात असेल तर ‘धिस रूम’ तसेच राहते, हे त्यांनी मुलांना जागा बदलायला लावून दाखवले. मला हा तास संपूर्ण तुकडीतला सर्वोत्तम वाटला.

‘धिस’ आणि ‘दॅट’ यांच्या जवळ-दूरच्या अर्थापलीकडे जाणारा भागही चांगला होता. समोरच्याचे बोलणे मान्य करताना आपण सहज ‘हे खरे आहे’ म्हणतो आणि त्यावरून ‘धिस इज ट्रू’ असे बोलून मोकळे होतो. इंग्रजी संभाषणात मात्र दुसऱ्याने नुकतेच मांडलेल्या मुद्द्याला सहसा ‘दॅट’नेच उत्तर दिले जाते, आणि ‘धिस’ बहुधा आपण स्वतः पुढे सांगणार असलेल्या गोष्टीसाठी राखला जातो. ‘जो माणूस काल आला तो’ या रचनेच्या सवयीने ‘द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल’ असे जादा ‘ही’ घुसते, आणि ‘जरी-तरी’च्या जोडीमुळे ‘ऑल्दो’च्या पाठोपाठ ‘बट’ येते, हेही सांगितले गेले. मात्र या दोन्हींना मिळून अर्धा तासही मिळाला नाही. तुकडीतल्या बहुतेकांच्या बोलण्यात या चुका शेवटपर्यंत ऐकू येत होत्या.

उच्चारांच्या बाबतीत वर्ग कमी पडतो. वाक्ये जोडणारे ‘दॅट’ बोलताना इतके हलके होते की त्यातला ‘अॅ’ ऐकूही येत नाही, तर बोट दाखवून म्हटलेले ‘दॅट’ ठसठशीत उच्चारले जाते. ‘बट ही’ भराभर बोलताना ‘बटी’सारखे ऐकू येते. परदेशी पर्यटकांचे बोलणे कळत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या टॅक्सीचालकांना नेमकी याची गरज होती, पण येथे प्रत्येक शब्द सुटा आणि खणखणीत म्हणून घेतला जातो. छापील टिपणांचा दर्जाही शिकवण्याच्या तोडीचा नाही. दार ठोठावल्यावर ‘इट इज आय’ म्हणावे, असे त्यांत छापले आहे. रोजच्या बोलण्यात ‘इट्स मी’च म्हणतात, आणि वर्गाचे नाव तर व्यावहारिक इंग्रजीचे आहे! ‘बिकॉज’पुढे ‘ही’ येतो आणि ‘बिकॉज ऑफ’पुढे ‘हिम’, हा उपयुक्त तक्ता मात्र जपून ठेवण्यासारखा आहे.

हॉटेल, दुकान किंवा कार्यालयात ज्यांना एकाचे बोलणे दुसऱ्याला कळवावे लागते, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. परीक्षेसाठी व्याकरण हवे असलेल्यांना त्याचा फारसा उपयोग होणार नाही. नाव नोंदवण्यापूर्वी शिक्षिका कोण असतील याची चौकशी करावी, कारण दुसऱ्या तुकडीला शिकवणारे गृहस्थ टिपणेच वाचून दाखवतात. शुल्क एकरकमी आगाऊ घेतले जाते, आणि वर्ग ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा सुटत असल्यामुळे सत्तरी तालुक्याकडे परतणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी.