सेस्ना १७२ मध्ये १८० अश्वशक्तीचे इंजिन : नऊ महिने, ११८ तास आणि तिसरे सिलिंडर

आमच्या १९७८ सालच्या सेस्ना १७२ एन विमानात लायकॉमिंगचे ओ-३६०-ए४एम हे १८० अश्वशक्तीचे इंजिन बसवून नऊ महिने झाले आणि या काळात त्याने ११८ तास भरले. तीन महिन्यांनंतरच हा अनुभव लिहायला घेतला असता, तर तो निव्वळ तक्रारअर्ज झाला असता. नंतर इंजिनाबद्दलचे माझे मत पूर्ण बदलले. ज्यांनी ते बसवले त्यांच्याबद्दलचे मात्र फारसे बदलले नाही.

इंजिन बदलण्यामागे हौस नव्हती, हिशोब होता. मूळच्या १६० अश्वशक्तीच्या ओ-३२०-एच२एडी इंजिनाची, त्याच्या झडपा उघडणाऱ्या टॅपेट आणि कॅमशाफ्टची दुखणी हे विमान वापरणाऱ्यांना ठाऊक आहेत. आमच्याही तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचे बारीक कण सापडू लागले होते आणि तास २००० च्या जवळ आले होते. ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्याने उभे करण्याचा, खर्च अटळच होता. मग तो पुन्हा त्याच कॅमशाफ्टवर का करायचा, एवढाच प्रश्न होता. शिवाय जुन्या इंजिनाला सक्तीचे असलेले तेलातले ॲडिटिव्ह नव्याला लागत नाही, आणि ठिणगी पुरवणाऱ्या, एकाच दांड्यावर चालणाऱ्या जोड मॅग्नेटोऐवजी दोन स्वतंत्र मॅग्नेटो मिळतात, ही बाब मला वाढीव शक्तीइतकीच मोलाची वाटली.

दोन्ही इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास सारखाच, सुमारे १३० मिलिमीटर आहे. वाढला आहे तो स्ट्रोक, म्हणजे पिस्टन सरकतो ते अंतर, ९८ वरून १११ मिलिमीटरवर. शक्ती साडेबारा टक्के वाढली म्हणून वेगही तेवढा वाढेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हिशोबाने वेगात चारेक टक्क्यांची वाढ व्हायला हवी आणि आम्हाला प्रत्यक्षात पाच नॉट मिळाले. चढाईचे गणित वेगळे आहे. विमान हवेत सरळ उडत ठेवण्याची गरज भागली की वरची सगळी शक्ती चढाईला मिळते, म्हणून तिथे हेच वीस घोडे फार मोठे ठरतात. उन्हाच्या दुपारी भरल्या वजनाने जिथे मिनिटाला ३५० फूट मिळवतानाही जीव टांगणीला लागायचा, तिथे आता साडेपाचशे सहज मिळतात.

या बदलासोबत कमाल वजनाची मर्यादा २३०० पौंडांवरून २५५० पौंडांवर गेली. त्या बदल्यात फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे भाग, ४० ऐवजी ३० अंशांपर्यंतच उतरवता येतात. आखूड धावपट्टीवर ४० अंशांच्या फ्लॅपने विमान जसे ब्रेक लावल्यासारखे खाली येई, ते मला अजून आठवते आणि त्याची उणीव भासते. पण चार माणसे आणि पुरेसे इंधन एकाच वेळी नेता येणे जास्त उपयोगाचे आहे.

इंधनाबद्दल मी कंजूष आहे, म्हणून प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवली. ७५ टक्के शक्तीवर पूर्वी तासाला साधारण ३२ लिटर लागत, आता ३८ लागतात. टाकीतले वापरण्याजोगे इंधन १५१ लिटरच आहे, म्हणजे पावणेपाच तासांचे उड्डाण चार तासांवर आले, आणि त्यातूनही राखीव साठा वजा करायचा. थ्रॉटल मागे घेऊन जुन्याच वेगाने उडालो तर खर्च जवळजवळ पूर्वीइतकाच येतो, आणि सध्या मी बहुतेक वेळा तसाच उडतो.

आता तिसऱ्या सिलिंडरविषयी. जुन्या पॅनेलवर सिलिंडरचे तापमान दाखवणारे यंत्रच नव्हते. या वेळी मी चारही सिलिंडरची तापमाने वेगवेगळी दाखवणारा मॉनिटर बसवून घेतला आणि पहिल्याच चढाईत तिसऱ्याचा आकडा ४४० अंश फॅरनहाइटवर गेलेला पाहिला. बाकीचे तिघे ३९० च्या आसपास होते. लायकॉमिंगची लाल रेषा ५०० वर आहे हे खरे, पण सिलिंडर दीर्घकाळ टिकावेत म्हणून तापमान ४३५ च्या खाली ठेवावे, असे त्याच कंपनीचे सांगणे आहे. इंजिन बसवणाऱ्या कार्यशाळेचे म्हणणे असे की नवे इंजिन आहे, रिंगा बसेपर्यंत तापणारच, पन्नास तास थांबा. ते मला पटले. साधे मिनरल तेल घालून आणि ६५ ते ७५ टक्के शक्ती कायम ठेवून मी ते पन्नास तास इमानदारीने पूर्ण केले. तेलाचा खप स्थिरावला आणि तिघांची तापमाने खाली आली. तिसरे होते तिथेच राहिले.

मग वाद सुरू झाला. तापमान मोजणारा प्रोब खराब असेल, असे उत्तर आले. मी तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे प्रोब अदलाबदल करायला लावले. आकडा तिसऱ्याकडेच राहिला, म्हणजे प्रोब निर्दोष होता. मॅग्नेटोचे टायमिंग तपासले, तेही बरोबर निघाले. पुढचे उत्तर असे की १६० अश्वशक्तीसाठी बनवलेल्या काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, १८० अश्वशक्तीची उष्णता मावायची नाही, सवय करून घ्या. हे वाक्य ऐकल्यावर मी संपूर्ण बदलालाच दोष देऊ लागलो आणि चार ओळखीच्या वैमानिकांना यात पडू नका असे सांगितले. ते सांगणे मी इथे मागे घेतो.

१०० तासांच्या तपासणीला काउलिंग उतरवले तेव्हा तिथला वरचा भाग हातात घेऊन मी आतून नीट पाहिला. बॅफलच्या, म्हणजे हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्याच्या, कडेला लावलेली सिलिकॉनची पट्टी काउलिंगला घासून तिथे एक काळसर रेघ उमटलेली असते. ही रेघ डावीकडून सुरू होऊन मागच्या बाजूने अखंड येत होती आणि उजव्या मागच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमक्या तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर, हाताच्या पंजाएवढ्या अंतरात तिचा मागमूस नव्हता. तिथली पट्टी मागे दुमडून कडक झाली होती. समोरून घुसलेली हवा सिलिंडरच्या वर कोंडली जाते आणि त्या दाबाने सिलिंडरच्याच पातळ धातूच्या पंखांमधल्या (फिन्स) फटींतून खाली उतरते, यावर या इंजिनाचे सारे थंड होणे अवलंबून आहे. पट्टीची कड आत, दाबाच्या बाजूला वळलेली असेल तर हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. मागे वळलेली असेल तर हवा तिला उचलून निघून जाते आणि सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय बॅफलचा पत्रा तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या पंखांना जवळजवळ चिकटून होता. त्या जागी पंख उथळ असतात आणि हवेला आधीच वाट कमी असते.

पट्टी बदलली, कोपऱ्यातल्या बारीक फटी उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बुजवल्या, आत दिवा ठेवून काउलिंग बंद केले आणि अंधारात बाहेरून कुठे प्रकाश झिरपतो ते पाहिले. पुढच्या उड्डाणात, तशाच उन्हात आणि तेवढ्याच वजनाने, तिसऱ्याचा आकडा ४०२ वर थांबला. प्रारंभीची उंची गाठली की ७३ ऐवजी ८५ नॉटने चढायचे, एवढी सवय मी स्वतःला लावली आहे. त्या वेगाला तो ४०० च्याही खाली राहतो, आणि तरीही चढाईचा दर जुन्या इंजिनाच्या सर्वोत्तम दरापेक्षा चांगला मिळतो.

म्हणून इंजिनाबद्दल माझी आता कोणतीही तक्रार नाही. ज्यांचे एच२एडी ओव्हरहॉलला आले आहे, त्यांनी हा बदल जरूर विचारात घ्यावा. मात्र चारही सिलिंडरचा मॉनिटर खर्चात धरावा आणि पैसे चुकते करण्यापूर्वी काउलिंगच्या आतली ती काळी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. शंभर तास तिसरे सिलिंडर जादा तापत राहिले, त्याची किंमत मला केव्हा कळेल ते पुढच्या कॉम्प्रेशन तपासणीवर, म्हणजे सिलिंडर दाब किती धरून ठेवते ते पाहण्यावर, आहे. कार्यशाळेने पट्टीचे पैसे घेतले नाहीत, पण दोष शोधण्यात गेलेल्या कामाच्या तासांचे बिल पाठवले आहे आणि ते मी अजून भरलेले नाही.