उद्योजकता शिकवणाऱ्याने सुट्टी कुठे घालवावी : एनपीटेल, अहमदाबाद की वागळे इस्टेट?

दिवाळीच्या तोंडावर कळव्याच्या एका विद्यार्थिनीने मला वर्गात विचारलं, "मॅडम, आईच्या मसाल्यांना मागणी आहे. दुकानदार माल घेतात, पण पैसे साठ दिवसांनी देतात. आता भाजणीची मोठी ऑर्डर आली आहे आणि डाळ-तांदूळ भरायला हातात पैसे नाहीत. काय करायचं?" त्याच आठवड्यात मी फळ्यावर ब्रेक-ईव्हन पॉइंट, म्हणजे ना नफा ना तोटा असा विक्रीचा टप्पा, काढून दाखवला होता. त्या आकृतीत तिच्या आईचे साठ दिवस कुठेच नव्हते. तेव्हा दिलेलं उत्तर आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

आपल्यापैकी बहुतेकांकडे हा विषय वेळापत्रकातून येतो. एम.कॉम. किंवा एमबीए झालेलं असतं, नेट-सेट झालेली असते, पण गल्ल्यावर कधी बसलेलो नसतो. म्हणून प्रशिक्षण घ्यायचं ठरतं आणि सुट्टी एकच असते. पुढच्या तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत. तुम्ही ठाण्यात किंवा नवी मुंबईत शिकवत असाल, तर निवड करताना हे उपयोगी पडेल.

पहिली, स्वस्त वाट एनपीटेलची, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची. शिकणं फुकट, परीक्षेला हजार रुपये. गुणांपैकी २५ टक्के दर आठवड्याच्या असाइनमेंटचे, ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. अभ्यासक्रम बहुधा ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. आयआयटीतले प्राध्यापक शिकवतात आणि विषयाची चौकट पक्की होते. धंद्याचं मूल्यांकन, भागभांडवल, पेटंट या गोष्टी मला तिथेच नीट कळल्या. अडचण वेळेची आहे. जुलैत सुरू होणारी फेरी नेमकी आपल्या सत्र परीक्षा आणि पेपर तपासणीवर येऊन आदळते, म्हणून जानेवारीची घ्या. दुसरी अडचण मोठी आहे. व्हिडिओ बघून व्हिडिओसारखंच शिकवलं जातं. माझी व्याख्यानं त्यानंतर जास्त अचूक झाली, पण ती व्याख्यानंच राहिली.

तुमच्या कॉलेजात इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल, म्हणजे नवकल्पनांना चालना देणारी समिती, असेल, तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलचं 'इनोव्हेशन अँबॅसेडर' प्रशिक्षणही ऑनलाइन मिळतं. कौन्सिलची जबाबदारी तुमच्या गळ्यात असेल तर ते कराच, नसेल तर घाई नाही.

निवासी वर्गाची गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. अहमदाबादची भारतीय उद्यमिता विकास संस्थान, म्हणजे ईडीआयआय, १९८३ साली आयडीबीआय, आयएफसीआय, आयसीआयसीआय आणि स्टेट बँक यांच्या पाठबळावर उभी राहिली. उद्योजक घडवणारे शिक्षक घडवणं हे तिचं जुनं काम आहे. ठाणेकरांनी बोरिवलीहून गाडी पकडावी. संस्था अहमदाबाद विमानतळाहून गांधीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर भाटला आहे. अशा वर्गात खरी कमाई खेळांची होते. रिंग टॉस घ्या. खुंटीपासून किती अंतरावर उभं राहून रिंग फेकायची, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचं. कोणी अगदी जवळून टाकतो, कोणी नशिबावर हवाला ठेवून लांबून, आणि काही जण थोडं अवघड पण जमण्यासारखं अंतर निवडतात. या सगळ्यामागे डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. १९६४ साली त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं आणि यशाची ओढ मोठ्या माणसांतही वाढवता येते, हे दाखवण्याचा प्रयत्न केला. उद्योजक जन्मावा लागतो असं मानणाऱ्या सहकाऱ्यांना मी नेहमी काकीनाड्याची आठवण करून देते.

परत आल्यावर मी वर्गात प्लॅस्टिकच्या रिंगा आणि बादली घेऊन गेले. तासभर चर्चा झाली ती जोखमीची, आणि पुस्तकातली व्याख्या एकदाही वाचावी लागली नाही. शिकवण्याची पद्धत अशी हातात येते. ती स्वतः खेळल्याशिवाय, स्वतःचं अंतर चुकल्याशिवाय येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

या वाटेला लागतात घराबाहेरचे दिवस. लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील तर ते सोपं नाही, विशेषतः बायकांना. काही तुकड्या पुरस्कृत असतात, तेव्हा शुल्काची चौकशी आधी करा. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, अटल अकादमीचे आठवडाभराचे वर्ग जवळपासच्या कॉलेजांतही होतात. पण ज्या कॉलेजांनी २०२४ नंतर एआयसीटीईच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी बीएमएस या व्यवस्थापन पदवीचं नाव बदलून ती बी.कॉम.खाली नेली, तिथल्या शिक्षकांनी आपण पात्र आहोत का, हे अर्जाआधी पाहावं.

तिसऱ्या वाटेचं प्रमाणपत्र मिळत नाही. ठाणे स्टेशनहून शेअर रिक्षाने वागळे इस्टेट, किंवा ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळे. ठाण्यातल्या लघुउद्योजकांची संघटना टीसा वागळे इस्टेटमध्ये आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखानदारांची टीबीआयए रबाळ्याला. कॉलेजच्या लेटरहेडवर लिहिलेलं पत्र घेऊन जा आणि आठ-दहा दिवस एखाद्या गाळ्यात बसू द्या म्हणून विनंती करा. मी एका टर्निंगचं जॉबवर्क करणाऱ्या, म्हणजे लेथवर दुसऱ्यांचे सुटे भाग कातून देणाऱ्या, गाळ्यात बसले. पहिल्या दिवशी मशीन बघितली. दुसऱ्या दिवसापासून लक्षात आलं, मालकाची निम्मी सकाळ फोनवर जाते आणि विषय एकच असतो : पेमेंट.

माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर मला तिथे सापडलं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) कलमाने आलेल्या नियमामुळे, मुदत उलटूनही पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यासाठीची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. तिच्या आईने ती केली असती तर निदान बोलायला आधार असता. मालक मात्र म्हणाले, "मॅडम, कायदा माहीत असतो, पण पार्टी तुटेल म्हणून कोणी बोलत नाही." हे दोन्ही वर्गात सांगायला हवं. जिल्हा उद्योग केंद्रातही एक दिवस घालवा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. कर्जाचा हप्ता मोजताना मुलं हे विसरतात. आधी मीही विसरत होते.

पदोन्नतीचं काय? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पहिल्या टप्प्यासाठी २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आहेच. त्याशिवाय रिफ्रेशर, आठवडाभराचे दोन एफडीपी (शिक्षक-विकास वर्ग) किंवा ई-प्रमाणपत्राचा एक एमओओसी, म्हणजे खुला ऑनलाइन कोर्स, यांतलं एक चालतं. वागळे इस्टेटचे दहा दिवस कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. ही गोष्ट बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

माझा कौल असा. कायम नोकरीत असाल, फाईल भरायची असेल आणि घरची सोय होत असेल, तर मे महिन्यात निवासी वर्ग करा. तासिका तत्त्वावर असाल, तर सत्र चालू असताना बाहेर राहणं म्हणजे तेवढं मानधन बुडणं. तुम्ही जानेवारीत एनपीटेल आणि सुट्टीत गाळा धरा. आणि आधीच चार प्रमाणपत्रं असतील, तर पाचव्याच्या मागे लागू नका, रबाळ्याची लोकल पकडा.

गाळ्यात जाताना दोन गोष्टी सांभाळा. गणपतीचा आठवडा नको, निम्मे कामगार कोकणात असतात. आणि महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. तेव्हा जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात आणि मालकाला मान वर करायलाही फुरसत नसते.