टोचणारी कोंबडी वेगळी काढावी की जखमी? परसातील कळपासाठी उपायांची तुलना

पुण्यात धायरीतील आमच्या घरामागे नऊ कोंबड्या आहेत. मागच्या मे महिन्यात त्यांतील एका तलंगेच्या, म्हणजे तरुण कोंबडीच्या, शेपटीच्या मुळाशी रक्त दिसले, तेव्हा दोन दिवसांत मला पाच सल्ले मिळाले: टोचणारी बाजूला काढा, जखमी बाजूला काढा, खाद्य बदला, चोच छाटा, नाहीतर टोचणारी कोंबडी कोणाला तरी देऊन टाका. यांपैकी एक सल्ला मी कधीच स्वीकारणार नाही. उरलेल्या चारांपैकी कोणता निवडावा, हे कोंबडी नेमकी कोठे टोचली जात आहे यावर ठरते, आणि घाईत नेमके तेच पाहायचे राहून जाते.

डोक्यावर, तुऱ्यावर किंवा मानेच्या मागे बसणारे टोचे बहुधा मानपानाचे असतात. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलेइफ श्येल्डेरुप-एब यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिचे सविस्तर वर्णन केले होते. पाठीवरची, शेपटीची आणि गुदद्वाराजवळची पिसे उपटणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात राग नसतो. जमीन उकरण्यात आणि दाणे शोधण्यात जी चोच दिवसभर गुंतलेली असायला हवी, ती काम न मिळाल्याने शेजारणीच्या पिसांकडे वळते. रक्त दिसले की दोन्ही प्रकार एकत्र मिसळतात, कारण लाल रंगाकडे सगळा कळप धावतो.

टोचे डोक्यावर असतील, तर टोचणारीला वेगळे काढणे हा जखमीला काढण्यापेक्षा चांगला उपाय आहे. चार ते सात दिवस तिला जाळीच्या पिंजऱ्यात, इतरांच्या नजरेआड ठेवले, तर तिच्यामागे कळपाची उतरंड नव्याने बसते. ती परत येते तेव्हा नवखी ठरते आणि बहुतेक वेळा तिचा जोर ओसरलेला असतो. जखमीला काढले तर हाच नियम तिच्यावर उलटतो. मी तीच चूक केली. तलंगेला नऊ दिवस व्हरांड्यात जपले आणि एका सकाळी सर्वांच्या मधोमध सोडले. तोवर केवळ पाठीवर टोचे खाणारी ती कोंबडी त्या दिवसापासून डोक्यावरही टोचे खाऊ लागली. जखम उघडी असेल तर मात्र तिला हलवण्यावाचून पर्याय नसतो. अशा वेळी खुराड्याच्याच एका कोपऱ्यात जाळी लावून तिला सर्वांना दिसेल अशी ठेवावी, म्हणजे कळप तिला विसरत नाही. एरवी कोणाच्या अध्यात नसलेल्या कोंबडीवर सगळ्या जणी अचानक तुटून पडल्या असतील, तर आधी ती आजारी नाही ना, हे तपासावे. आपल्या आधी तिचे दुखणे इतर कोंबड्यांच्या ध्यानात येते.

टोचे पाठीवर किंवा शेपटीवर असतील, तर कोणालाही वेगळे काढून फारसे साधत नाही, कारण एक काढली की दुसरी पिसे उपटू लागते. येथे जागा आणि खाद्य बदलणे हाच खरा उपाय आहे. तो सर्वांत संथ आहे, पण मला सर्वांत भरवशाचाही वाटतो. खुराड्यात प्रत्येकी साधारण ४ चौरस फूट, बाहेरच्या कुंपणात १० चौरस फूट, रात्री बसायच्या दांडीवर प्रत्येकी २० ते २५ सेंटिमीटर आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक अंधारी पेटी, एवढे किमान असावे. पुण्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सगळ्या कोंबड्या सावलीच्या एकाच तुकड्यात दाटीने बसतात आणि कागदावर पुरेशी असलेली जागा प्रत्यक्षात अपुरी पडते. आमच्याकडे असेच झाले होते. दुसऱ्या बाजूला गोणपाटाची सावली केली, पाण्याची आणि खाद्याची भांडी दोनाची चार करून दूरदूर ठेवली, तेव्हा पहिला फरक दिसला.

खाद्यात आमची चूक अधिक मोठी होती. अंड्यांवरील कोंबडीच्या आहारात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अशा कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात, ती असतात; पण उरलेला भात, भाकरी आणि बाजरीचे दाणे आम्ही सढळ हाताने घालत होतो, आणि त्याने पोट भरून प्रथिने मात्र कमी पडत होती. प्रथिने, विशेषतः त्यांतील मेथिओनिन हा घटक, आणि मीठ कमी पडले की पिसे उपटणे वाढते. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगले असते. सुकट देणार असाल तर ती खारवलेली नसावी, आणि शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून त्या दिवसांत टाळावी. शेवग्याचा पाला, मेथीच्या काड्या किंवा कोबीचा गड्डा दोरीने चोचीच्या उंचीवर टांगला की त्यांना तासन्तास काम मिळते. राख आणि कोरडी माती अंग घोळायला ठेवावी, आणि रात्री बॅटरीने पंखांखाली उवा, पिसवा पाहाव्यात. आमच्याकडे हे सगळे लागू पडायला तीन आठवडे लागले; रक्त वाहत असताना एवढी वाट पाहता येत नाही, म्हणून जखमीपुरती जाळी आणि बाकीच्यांसाठी हे बदल, असे दोन्ही एकाच दिवशी सुरू करावे लागते.

जखम मिठाच्या पाण्याने किंवा सौम्य पोव्हिडोन आयोडीनने धुवावी. लाल रंग झाकण्यासाठी जांभळे औषध लावण्याचा सल्ला मिळतो, परंतु अंडी खाणार असाल तर पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय ते वापरू नये.

चोच छाटण्याबद्दल माझे मत ठाम आहे. चोचीत मज्जातंतू असतात, छाटताना वेदना होतात, त्या मागाहूनही राहू शकतात, आणि टोचण्याचे कारण जागच्या जागी उरते. हजारो पक्ष्यांच्या शेडची गणिते नऊ कोंबड्यांच्या परसाला लावण्याचे काहीच कारण नाही. समोरचे दिसू नये म्हणून चोचीवर बसवायचे प्लॅस्टिकचे चष्मे त्यापेक्षा सौम्य आहेत. तरीही नाकपुडीच्या पडद्यातून पिन आरपार घालावी लागेल असा प्रकार मी घेणार नाही.

देऊन टाकणे हा उपाय मी शेवटी ठेवला असला, तरी तो वाईट नाही. दोनदा वेगळी काढूनही, जागा आणि खाद्य सुधारूनही एखादी कोंबडी डोके फोडतच राहिली, तर मुळशी-मावळाकडे मोकळे अंगण असलेल्या घरी ती सुखाने राहू शकते. देताना ती टोचते हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे, आणि तिला तेथेही आधी काही दिवस जाळीपलीकडे ठेवून, मग अंधार पडल्यावर इतरांच्या शेजारी दांडीवर बसवायला सांगावे. दुसऱ्या दिवशी उजाडताच खुराड्यापाशी कोणीतरी उभे असायला हवे, कारण पहिला दाणा पडतो तेव्हाच पहिले भांडण होते.