ठाण्याच्या नौपाड्यातलं आदिमानवाच्या परिसरावरचं वर्कशॉप, पाचपैकी चार स्टार

मागच्या महिन्यात दोन रविवार जाऊन हे वर्कशॉप केलं, फी पंधराशे, चहा-नाश्ता धरून. मला वाटलेलं दगडी हत्यारं दाखवतील, गुहेतली चित्रं दाखवतील, पण मॅडमनी पहिला दीड तास हत्यारांना हातच लावू दिला नाही. म्हणाल्या आधी ती माणसं बसली कुठे होती ते बघू, पाणी किती लांब होतं, झाडं कुठली, जनावरं काय खायची, मग हत्यार कशाला लागलं ते आपोआप कळतं. आणि खरंच कळत जातं.

टेबलावर उभा चिरलेला पीव्हीसी पाईप होता, त्यात खाडीचा हातभर चिखल जसाच्या तसा. वर करडा, मध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची बोटभर पट्टी, खाली काळाकुट्ट कुजलेल्या पानांचा थर, वास अगदी ओहोटीला ऐरोली पुलावर येतो तोच. जेवढं खाली तेवढं जुनं. असा ओला, हवा न लागलेला चिखल असेल तर फुलांचे परागकण हजारो वर्षं टिकतात आणि त्यांवरून तेव्हा झाडं कुठली होती ते कळतं, कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत सहसा टिकत नाहीत, तिथे मग जळका कोळसा नाहीतर गवताच्या पेशीत तयार होणारे सिलिकाचे कण शोधायचे.

मायक्रोस्कोपखाली आजच्याच खैराच्या फुलातले पराग दाखवले, ओळख पटावी म्हणून. सोळाएक कण एकमेकांना घट्ट चिकटलेले, राजगिऱ्याच्या लाडवासारखे. हा गोळा जड म्हणून वाऱ्याने लांब जात नाही, गवताचे पराग मात्र कुठल्या कुठे उडतात. म्हणजे स्लाईडवर गवताचे शंभर आणि खैराचे दोन दिसले तरी खैर नगण्य म्हणायचं नाही, तो जवळच उभा होता असं धरायचं. मग त्यांनी मुंबईचं सांगितलं, १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराची झाडं मुळांसकट उभी सापडली होती. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, म्हणजे आज गोदी आहे तिथे कधीतरी कोरडं रान होतं. इतकी वर्षं मुंबईत नोकरीला जातोय, मला हे माहीतच नव्हतं!

सगळ्यात जास्त वेळ इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या स्टार कार ह्या जागेला दिला आणि तो सार्थकी लागला. ग्रॅहम क्लार्क ह्या पुरातत्त्वज्ञांनी १९४९ ते १९५१ तिथे खोदकाम केलं, साधारण अकरा हजार वर्षांपूर्वीची शिकारी लोकांची वस्ती. आता शेतं आहेत पण तेव्हा तिथे तळं होतं, काठाला बोरू-लव्हाळ्यासारखं उंच गवत, मागे बर्च झाडं, हे सगळं गाळातून कळलं. आणि गाळात बारीक कोळसा परत परत सापडतो, म्हणजे ती माणसं काठचं गवत पुन्हा पुन्हा जाळायची, आयत्या निसर्गात नुसती राहत नव्हती. क्लार्कना हरणांच्या शिंगांवरून वाटलेलं की मुक्काम हिवाळ्यातला, पुढे इतरांनी हरणांच्या जबड्यातले दात कधी फुटले ते बघून उन्हाळ्यातला म्हटलं. खोदकाम तेच, उत्तर बदललं, आणि मॅडमनी हे लपवलं नाही, म्हणून मला त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

दुसऱ्या रविवारी शिंपल्यांचा ढीग पुढ्यात ओतून वेगळे करायला सांगितले. आमच्यात चेंदणी कोळीवाड्यातले एक काका होते, त्यांनी पाच मिनिटांत वाटे लावले आणि म्हणाले, "मॅडम, ही कालवं, खडकाला नायतर तिवराच्या मुळाला धरतात. ह्या तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, ह्या चिखला-रेतीत." मॅडम म्हणाल्या, "काका, जुन्या वस्तीच्या उकिरड्यात आम्ही हेच बघतो, खालच्या थरात कालवं आणि वर तिसऱ्या आल्या तर किनारा खडकाचा चिखलाचा झाला का, हा पहिला प्रश्न." काकांना मग पुढे बसवलं, निम्मा तास तेच शिकवत होते, माझ्यासाठी तो दोन दिवसांतला सगळ्यात चांगला भाग.

आता तक्रारी. बावीस जणांना दोन मायक्रोस्कोप, माझ्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं आली. नोट्स फक्त इंग्रजीत, काकांना त्याचा काय उपयोग? आणि खाडीवर नेलं तेव्हा आयोजकांनी भरतीची वेळच बघितली नव्हती, सगळा चिखल पाण्याखाली, चाळीस मिनिटं काठावर उभं राहून परत आलो. मॅडमची चूक नाही ही, त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

एक स्टार त्यासाठी कापला. पुढची बॅच करणार असाल तर आधी फोन करून खाडीची फेरी ओहोटीला ठेवलीय का ते विचारा आणि मायक्रोस्कोपसाठी पहिल्या रांगेत बसा. मी पुढच्या वेळी माझ्या नववीतल्या मुलीला घेऊन परत जाणार आहे, पूर्ण फी भरून.